ठोकळा चुकत नाही

आश्विन शुद्ध १०, शके १८०७. कल्याण.

मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात सात वर्षे होतो, तेव्हा दिवसभराचे काम संध्याकाळी वहीत उतरवावे लागे. नोकरी सोडली, खोड सुटली नाही. म्हणून आज दसऱ्याला नवी वही.

आमच्या पडवीत आजपासून आमचा स्वतःचा कारखाना. भिवादादा म्हणाला, "दोन माणसं नि एक पडवी, त्याला कारखाना म्हणतोस तर गोठ्याला पांजरपोळ म्हण." हसू दे. भिवादादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. पारनाक्यापासून खाडीपर्यंत त्याच्या तोडीचा सुतार नाही. माप तो नजरेने घेतो. फूटपट्टीने पाठ खाजवतो.

मी मुंबईत दुसरेच पाहून आलो. तिथे माणसाच्या नजरेवर काही सोडत नाहीत. आधी साचा करतात, मग काम. तीन महिने खपून मी तसा सरंजाम केला आहे. सागाचा जाड पाट, त्याला ओळीने भोके, भोकांत बसणाऱ्या खुंट्या, खुंट्यांना टेकणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि लाकूड धरून ठेवायला पाचरी. खुंट्या हलवल्या की तोच पाट आज दाराला, उद्या खिडकीला, परवा पेटीला चालतो.

ठाण्याचे कंत्राटदार डॉमनिक मिस्त्री यांचे पहिले काम आहे. एका नव्या शाळेच्या खिडक्यांना झिलमिलीची चाळीस दारे हवी आहेत. झिलमिली म्हणजे तिरक्या पट्ट्यांची खिडकी, वारा आत घेते आणि ऊन बाहेर ठेवते. दर दाराला एक उभा डावा दांडा, एक उजवा, आणि प्रत्येक दांड्यात पट्ट्या बसवायला सव्वीस खाचा. एकूण दोन हजार ऐंशी खाचा. त्यांच्यासाठी सव्वा इंचाचा एक सागवानी ठोकळा केला. कापलेल्या खाचेत पट्टी उभी करायची, तिला ठोकळा टेकवायचा, ठोकळ्याच्या दुसऱ्या कडेला चाकूने रेघ मारायची. तिथे पुढची खाच. मोजायचे नाही, डोळे बारीक करायचे नाहीत.

खरे कारण कोणाला सांगितले नाही, इथे लिहितो. आमच्या बाबांचा हात पंचावन्नाव्या वर्षी गेला. पटाशी धरली की थरथरे. ज्याने कल्याणातले निम्मे दरवाजे घडवले त्याला आम्ही पाट नीट करता न आल्याने रडताना पाहिले. दादाला या वर्षी पन्नास झाली. बाबांसारखे त्याचे होऊ नये. हात थकला तरी साचा काम करील. दादाला वाटते मी मुंबईचा तोरा दाखवतोय. वाटू दे.

हे फसले तर मात्र मी त्याच्यासमोर उभा राहू शकणार नाही.

आश्विन वद्य १२.

डावे चाळीस दांडे झाले. दोघांनी मिळून केले. एकावर एक रचून पाहिले, खाचेवर खाच. दादाने बोट फिरवले आणि मान डोलावली. एवढीच त्याची शाबासकी.

दुपारी बाबांचा विषय निघाला. बाबांनी शेवटी शेवटी एक पाळणा करायला घेतला होता. चारही पाय चार दिशांना. दादाने तो उचलून नेला, तसाच पण सरळ पायांचा दुसरा केला, आणि बाबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, बाबा, तुमच्या पाळण्याचं लाकूड सुकलं बघा, पाय कसे सरळ बसलेत! बाबांनी हात फिरवला आणि महिन्याभरात समाधानाने गेले. मीही तेव्हा हो ला हो केले होते. आज दादाला विचारले, तुला खोटे बोलायला कसे जमले? तो म्हणाला, "म्हाताऱ्या हाताला खरं सांगू नये, आनंदा. तो हात परत उठत नाय."

आश्विन वद्य ३०. लक्ष्मीपूजन.

अमावास्येला आम्ही सुतार कामासाठी हत्याराला हात लावत नाही. हत्यारे धुऊन पुसून पाटावर मांडली. कलावतीने, म्हणजे माझ्या बायकोने, सर्वांना हळदकुंकू लावले. ठोकळ्यापाशी थांबून म्हणाली, "अहो, ह्याच्यावर सगळं घर चाललंय, ह्याला नुसतं कुंकू काय?" मग मारुतीला लावतात तसा शेंदूर कालवून तिने ठोकळा माखून काढला. देवळात तिळाचे तेल घेतात, आमच्याकडे लाकडाला लावायचे जवसाचे तेल होते, तेच घेतले. सकाळी पाहिला तेव्हा तो लाकूड होता, संध्याकाळी देव झाला. दादा म्हणाला, आता ह्याला नारळ फोडून मगच रेघ मारायची का? बिचारी लाजली. मी म्हटले, बरे केलेस, जवसाच्या तेलातला शेंदूर दगडासारखा बसतो, सुटायचा नाही.

कार्तिक शुद्ध ६.

शाळेच्या खिडक्यांच्या चौकटी बसवायला मला ठाण्याला राहावे लागणार. उजवे दांडे दादा एकटा करील. साचा असताना एकटा काय, कोणीही करील. असे मी बोललो आणि दादाने माझ्याकडे पाहिले. तसे म्हणायचे नव्हते.

कार्तिक वद्य ४.

दोन दिवस घरी आलो. सोळा दांडे झालेत. दोन खाचांतले अंतर फूटपट्टीने पाहिले, बरोबर आहे.

कलावती म्हणाली, भावजी जेवताना बोलत नाहीत, रात्री हात चोळत बसतात. ती आता दर शनिवारी ठोकळ्याला शेंदराचा हात देते. "भावजींच्या हाताला यश दे, एवढंच मागते," म्हणाली. भोळी आहे. पण मला बरे वाटले. आपल्या माणसासाठी कोणी काही मागत असेल तर मागू द्यावे.

निघताना दादा म्हणाला, "आनंदा, हा ठोकळा हाताला जाड लागतो रे."

मी आगगाडीच्या घाईत होतो. म्हटले, "दादा, ठोकळा चुकत नाही. माणूस चुकतो."

तो बरं म्हणाला आणि कामाला बसला.

मार्गशीर्ष शुद्ध १४.

चाळीस उजवे दांडे पुरे झाल्याचा निरोप आला. ठाण्यात डॉमनिक मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "बाबा, तुज्या भावाचं काम म्हनजे बगायलाच नको. पुढल्या वर्षी अजून दोन इमारती हायत."

पौष शुद्ध ३.

काय लिहू?

ठाण्याचे काम उरकून घरी आलो आणि आज पहिले दार जोडायला घेतले. डावा दांडा, हाताला लागला तो उजवा दांडा, वरून पट्ट्या सरकवत गेलो. पहिल्या चार सरळ. सातवी जरा कलली. मला वाटले डोळ्याचा भास. सव्वीसावी पट्टी एका बाजूने अर्धा इंच खाली. दार नव्हे, कललेली होडी. दुसरे घेतले, तेच. तिसरे त्याहून वाईट. चाळीस डावे एकमेकांशी जुळतात. उजवे डाव्यांशी जुळत नाहीत आणि आपसांतही जुळत नाहीत.

दादा समोर बसला होता. त्याने एकेक दांडा उचलला, खाचेवरून बोट नेले, खाली ठेवला. चाळीसही पाहिले. मग विचारले, "मी केलं हे?"

पौष शुद्ध ४.

दिवसभर विचार केला. ठोकळा पुन्हा मोजला. शेंदरामुळे कड नीट दिसत नाही, पण फूटपट्टी लावली तर सव्वा इंच तो सव्वा इंच. केसाइतका फरक फूटपट्टी दाखवीतही नाही.

आणि एक गोष्ट साफ आहे. साचा चुकला असता तर सगळे दांडे सारखेच चुकले असते. मुंबईच्या कारखान्यात साहेबाने हेच शिकवले: साच्याची चूक एकसारखी असते, हाताची चूक वेगवेगळी. दादाने दर दांड्यामागे खूण घातली आहे, म्हणून क्रम कळतो. पहिला दांडा जवळजवळ बरोबर आहे. विसावा वाईट. चाळिसावा सर्वांत वाईट. दिवसेंदिवस हात सुटत गेला.

बाबांचे असेच झाले होते. आधी थोडे, मग जास्त.

मला रडू येते. मी साचा केला तो ह्यासाठीच ना? मग त्याचा हात साच्यालाही जुमानू नये इतका गेला कधी, आणि मला दिसले कसे नाही?

पौष शुद्ध ७.

आज जे तोंडून गेले ते परत घेता येत नाही.

डॉमनिक मिस्त्री दारे पाहायला आले. पडवीत उभे राहून त्यांनी पहिले दार उचलून धरले आणि हसले. "आनंदा, ही खिडकी की जिना?" मग हसणे थांबले. शाळा लवकर उघडायची आहे, दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी लागतील म्हणाले. वाईट बोलले नाहीत. फक्त पाटाकडे, खुंट्यांकडे बघून म्हणाले, "ही तुजी मुंबईची विद्या काय कामाची नाय बाबा."

माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणालो, "विद्या बरोबर आहे, मिस्त्री. साचाही बरोबर आहे. माझ्या भावाचा हात आता राहिला नाही."

दादा तिथेच होता. आतल्या दारात कलावती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिने तो तसाच खाली ठेवला. मिस्त्री चप्पल घालून निघून गेले. दादा आपला उजवा हात मांडीवर उलटासुलटा करून पाहत राहिला.

मी माझी विद्या वाचवायला त्याचा हात बळी दिला. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, मी तर अंगणालाही सोडले नाही, आपल्या भावाला वाकडे म्हटले. पण खोटे बोललो का? खोटे नव्हते. तेच तर दुःख आहे.

पौष शुद्ध ८.

सकाळी दादाची जागा रिकामी. त्याची पटाशी, रंधा, वाकस, सगळे तेल लावून कापडात बांधून माझ्या पाटावर ठेवलेले. सुतार हत्यारे मागे ठेवून जातो तेव्हा तो गावाला गेलेला नसतो.

पौष वद्य ६.

कळले. दादा शहाडला आहे, उल्हास नदीच्या काठी लाकडाच्या वखारीवर राखण करतो. ज्याने लाकडाला आकार दिला तो आता लाकूड कोणी चोरू नये म्हणून बसतो.

मी गेलो नाही. जाऊन काय सांगू?

पौष वद्य ३०.

अमावास्या. कलावतीने हत्यारांची पूजा केली, दादाच्या बांधलेल्या हत्यारांचीसुद्धा. ठोकळ्याला शेंदराचे दोन हात. आज तिने काही मागितले की नाही, मी विचारले नाही.

माघ शुद्ध ५.

कामे येत नाहीत. एक बाई पाट दुरुस्त करायला आली, भिवा नाही म्हटल्यावर परत गेली.

माघ शुद्ध ११.

ठरवले आहे की उजवे दांडे मी स्वतः करीन. मिस्त्रींनी दुसऱ्याकडून घेतली असतील, घेवोत. मला एक दार सरळ करून भिंतीला लावून ठेवायचे आहे. माझी विद्या खोटी नव्हती एवढे तरी दिसू दे. नाहीतर दादाला मी कशापायी घालवले?

माघ वद्य २.

एक उजवा दांडा पुरा केला. चार दिवस घेतले. प्रत्येक खाचेला ठोकळा दोनदा टेकवला, रेघ मारताना श्वास रोखला. इतक्या निगुतीने मी आयुष्यात काम केले नाही. उद्या जोडून पाहीन.

माघ वद्य ३.

माझा दांडा सर्वांत वाईट निघाला. दादाच्या चाळिसाव्यापेक्षाही. शेवटची पट्टी पाऊण इंच खाली.

मी पस्तिशीचा आहे. माझा हात थरथरत नाही. मग काय आमच्या घराण्यालाच हे आहे?

संतापाने ठोकळा भिंतीवर फेकला. तो पडला आणि त्याच्या एका टोकाचे शेंदराचे पापुद्र्याचे पापुद्रे एकत्र निघून आले. एक अख्खी टोपी निघाली, आतून सपाट आणि गुळगुळीत, जाड पुठ्ठ्यासारखी. खाली सागाचे लाकूड, मी दसऱ्याच्या आधी घासले तसेच, अगदी कोरे.

कलावती धावत आली. तुकडा पाहून तिने दोन्ही हात जोडले. "अहो, देवानं खोळ टाकली! शेंदूर असा आपणहून सुटला तर चांगलं असतं म्हणतात. आता बरे दिवस येणार बघा."

मी तो तुकडा बोटांत धरून बसलो. दर शनिवारी एक हात. दर अमावास्येला एक हात. एका खाचेला केसभर, फूटपट्टीला न दिसणारा. पुढची खाच मागच्या खाचेवरून, तिच्यापुढची तिच्यावरून. पंचवीस वेळा केसभर. आणि दर आठवड्याला ठोकळा थोडा आणखी जाड. म्हणून पहिला दांडा बरा, विसावा वाईट, चाळिसावा सर्वांत वाईट. दादाने ठोकळ्याबरहुकूम काम केले होते. चाळीसही दांड्यांत त्याचा हात एकदाही हलला नव्हता.

"हाताला जाड लागतो रे," असे तो म्हणाला होता. फूटपट्टीला कळले नाही ते त्याच्या बोटांना कळले होते.

कलावतीला काही सांगितले नाही. तिने दादाच्या हातासाठीच मागितले होते. तिला कसे सांगू?

माघ वद्य ४.

उरलेल्या टोकाचा शेंदूर पटाशीने अलगद काढला. कोऱ्या ठोकळ्याने दादाच्या चाळिसाव्या दांड्याच्या खाचा तपासल्या. प्रत्येक दोन खाचांत ठोकळा सैल, आणि पंचवीसही ठिकाणी सारखाच सैल. असे काम कारखान्यातल्या यंत्रानेही होत नाही.

उद्या शहाडला जातो. किती दिवसांनी जेवण गेले.

माघ वद्य ५.

चालतच गेलो. ठोकळा, शेंदराची टोपी, एक डावा दांडा आणि दादाचा चाळिसावा उजवा, सगळे धोतराच्या फडक्यात बांधून.

दादा वखारीच्या कुडाजवळ बसला होता. दाढी वाढलेली. मला पाहून उठला, "कलावती बरी ना?" म्हणाला. त्याच्यापुढे एक फळी तुटून पडली होती आणि तिला दोरीने बांधले होते. सुताराने फळी दोरीने बांधलेली मी प्रथमच पाहिली.

मी सगळे सांगितले. लक्ष्मीपूजनापासून. जवसाचे तेल, शनिवार, अमावास्या. टोपी ठोकळ्यावर बसवून दाखवली, काढून दाखवली. दांडा त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याचा हात धरून ठोकळा खाचांतून फिरवला. म्हणालो, "दादा, तुझा हात गेला नाही. चूक माझी. माझ्या साच्याची. तू मला सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही." बोलताना मला रडू आवरेना. लोक पाहत होते, पाहू दे.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग त्याने ठोकळा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्याचा हात थरथरत होता. पौषात थरथरत नव्हता, मी शपथेवर सांगतो. आता थरथरत होता.

"आनंदा," तो म्हणाला, "बाबांचा पाळणा मीच केला होता रे."

मला आधी समजलेच नाही. समजले तेव्हा ओरडलो, "दादा, हे तसं नाही! हे खरं आहे! कलावतीला विचार, देवाशप्पथ विचार!"

"कलावती काय, तू सांगशील ते म्हणेल. गुणाची पोर आहे." त्याने टोपी नखाने वाजवून पाहिली. "शेंदूर काय, कुठंही मिळतो. ठोकळा काय, घासला की बारीक होतो." मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवत असे तसा. "चार दिवस तरी खपला असशील ह्याच्यावर. पण आलास ते बरं केलंस."

मी दांडा पुन्हा त्याच्या हातात दिला. म्हटले, तूच बघ, तुझ्या बोटांना कळेल. त्याने तो न पाहता फडक्यात गुंडाळला आणि गाठ मारली. नीट, सुताराची गाठ.

निघताना त्याने ठोकळा मला परत दिला आणि पहिल्यांदाच हसला.

"काम मात्र सुरेख झालंय," म्हणाला. "दोन्ही कडा अगदी एकसारख्या घासल्यास. तुझा हात चांगला आहे रे."

"नाही, दादा, नाही," मी म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणालो. त्याने मान हलवली आणि मला नदीच्या वाटेपर्यंत सोडायला आला.